झिंगूच्या चपला

नीलाबाईंच्या पायाला भिंगरी होती, पण गेला महिनाभर त्या कुरखेड्याजवळच्या आपल्या घरात खाटेवर तळमळत होत्या. हृदय कमजोर झालंय असं कळल्यावर त्यांनी स्वतःच अंथरूण धरलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बाप, झिंगू, याच दुखण्यात पडला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, खाट सोडायची नाही.

मोहफुलं पडायला लागली की झिंगू पहाटेच आपल्या झाडाकडे निघायचा. त्या साली नीलाने त्याच्या चपला धान साठवायच्या ढोलीत पुरून ठेवल्या. "नीले, ढोरं फुलं खाऊन राह्यले," म्हणत तो हंगामभर दाराकडे बघत राहिला आणि पावसाच्या तोंडावर गेला.

आज ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी नीलाबाईंचे पाय दाबून पाहिले. "सूज उतरली. गोळ्या चालू ठेवा आणि रोज थोडं थोडं चाला. पडून राहिलात तर उरलेली ताकदही जाईल."

"मंग माया बापाले काऊन निजवलं?"

"तेव्हा विश्रांती हाच उपाय समजत होते, बाई. चालल्यानं बरं वाटतं, हे मागून कळलं."

"मागून," नीलाबाई फणकारल्या, "त्याच्यासाठी मागून नोतं."

दुसऱ्या सकाळी नीलाबाई बापाच्या जपून ठेवलेल्या त्याच चपला घालून झिंगूच्या मोहाकडे निघाल्या. वाटेत तीनदा थांबल्या, दम घेतला, पण पोचल्या. झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. त्यांनी एकही वेचलं नाही.

घरी परतल्या तेव्हा पाय अनवाणी होते. चपला त्यांनी झाडाखाली ठेवल्या होत्या.