टाकव्यातला रविवारचा तास

आधीच सांगते, आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही मानलं जात नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव आणि देवऋषी दोन्ही गेले. कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी चक्क विषय बदलते. त्यामुळे जे झालं तेवढंच लिहितेय... अर्थ तुम्ही लावा.

मी बेगडेवाडीला राहते आणि टाकवे बुद्रुकच्या शाळेत मराठी शिकवते. कान्हे स्टेशनपर्यंत लोकल, पुढे रिक्षा. गेल्या वर्षी नववीच्या सात मुली वाचन-लेखनाच्या चाचणीत मागे पडल्या. मंगळवारी त्यांची फेरचाचणी होती. एका बाईंच्या आठवणींवरचा पाठ, आणि त्यावरून निवेदक, उपमा, रूपक, घटना आणि आठवण यांतला फरक असे प्रश्न. त्यांतल्याच पल्लवीच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "ह्या टायमाला नापास झाली तर शाळा बंद." म्हणून मी रविवारी सकाळी दहाला जादा तास ठेवला.

शनिवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या दवाखान्यातून फोन आला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अलीकडे आली होती. उद्याच सकाळी या म्हणाले. त्या गडबडीत मुलींना कळवायचं राहून गेलं. रविवारी साडेआठ ते दोन मी दवाखान्यातल्या बाकावर बसून होते. साडेदहाला एका फॉर्मवर सही केली. त्यावर वेळ आहे, फॉर्मची प्रत अजून माझ्याकडे आहे.

दोन वाजता तास आठवला. मोबाईल पाहिला – एकही मिस्ड कॉल नाही. सात मुली वाट बघत बसल्या आणि एकीनेही फोन केला नाही?

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या माफी मागितली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मॅडम, काल आलता की तुमी," पल्लवी म्हणाली.

मला वाटलं, थट्टा चाललीय. बाहेर शाळेच्या शिपाई मावशी झाडत होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्याच तर खोली उघडून दिली. चा आणला, तर तुमी नगं म्हनलात. लय घाईत व्हता."

पल्लवीने आईच्या मोबाईलवर फळ्याचा फोटो काढला होता. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. अक्षर माझंच. माझा 'ल' मागे झुकतो, त्यावरून स्टाफरूममध्ये मला चिडवतात. तो तसाच झुकलेला होता. उपमा, रूपक सगळं नीट उदाहरणांसकट लिहिलेलं. आणि शेवटी दोन ओळी :

घटना – आबा गेटवर उभे होते.
आठवण – आबा आले नाहीत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमीच सांगितलं न्हवं का," पल्लवी म्हणाली. "तुमी सातवीत व्हता, तळेगावला परीक्षा व्हती, आबा न्यायला येनार व्हते..."

मी खुर्चीवर बसले. सातवीची स्कॉलरशिप परीक्षा. आबा येतो म्हणाले होते आणि आले नाहीत. मी एकटी लोकलने घरी आले. ती अढी मी तीस वर्षं मनात धरून होते, आणि हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पण ते गेटचं काय? ते तर मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आबा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. मी साधंच विचारल्यासारखं केलं.

"आबा, सातवीत माझी तळेगावला परीक्षा होती. तुम्ही न्यायला येणार होता."

"आलतो की."

"कुठं होतात?"

"गेटापाशी. शिफ्ट सुटली तसा तडक आलतो, कापडं बदलाया टाइमच न्हवता. तेलानं काळा झालेलो सगळा." चष्मा नीट करत म्हणाले, "तू पाह्यलंस मला. मैत्रिणी व्हत्या तुझ्यासंगं. मग मागल्या दारानं गेलीस."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुला नगं व्हतं," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्याच गाडीला मागच्या डब्यात बसलो. तू नीट उतरलीस ते बघितलं, मंग चा पिऊन सावकाश घरी आलो."

नंतर त्यांनी डोळ्यात टाकायच्या थेंबांची आठवण करून दिली. मी थेंब टाकले.

सातही मुली पास झाल्या. पल्लवी आता दहावीत आहे. त्या रविवारी त्यांना कोणी शिकवलं, हा विषय मी शाळेत परत काढला नाही. मुलींना त्यात विचित्र काही वाटतच नाही, मावशींनाही नाही. मी लोणावळ्यात होते हे नक्की, आणि फळ्यावरचं अक्षर माझं होतं हेही नक्की. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते मला आजही कळलेलं नाही.

मी तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून बघते. पेपरातला शेवटचा प्रश्न आठवतो, मैत्रिणींची नावं आठवतात, शाळेचं मागचं दारसुद्धा आता आठवायला लागलंय. गेटवर मात्र अजून कुणीच दिसत नाही.