शुक्रवारी सोडलेली दुरुस्ती

एलिझरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच पत्र लिहीत होतो. ‘काका, मला काही सांगायचं आहे’ या ओळीपुढे ते दोन महिने सरकलं नव्हतं. माझ्या रोडपालीपासून त्यांच्या पनवेलचं अंतर ते किती... पण गेलो नाही.

काका पनवेलच्या उरल्यासुरल्या बेने इस्रायली ज्यू घरांपैकी एका घरातले, निवृत्त इंजिनियर. छोट्या वाचनालयांसाठी आम्ही काहीजण मिळून एक मुक्त सॉफ्टवेअर लिहितो. त्याची स्थिर आवृत्ती, म्हणजे वाचनालयं रोज डोळे मिटून वापरतात ती, काका सांभाळत. कुठली दुरुस्ती तिच्यात घ्यायची आणि कुठली पुढच्या नव्या आवृत्तीसाठी ठेवायची, हे तेच ठरवत. प्रत्येक दुरुस्ती छापून खिडकीतल्या दोरीला चिमट्याने अडकवत आणि आठवडाभर येता-जाता वाचत. शुक्रवारी कुठलीही दुरुस्ती वाचनालयांकडे सोडायची नाही, हा नियम. शुक्रवारी संध्याकाळी काकू दिवे लावत तेव्हापासून शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ते कॉम्प्युटरला हात लावत नसत.

मी चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढलो. ‘थांब’ म्हणणारा प्रत्येकजण मला सत्तेचा चौकीदार वाटे. सभासदांची मराठी नावं यादीत वेड्यावाकड्या क्रमाने लागत. ती वर्णमालेप्रमाणे लावणारी दुरुस्ती मी लिहिली होती.

“बरोबर आहे रे तुझं, क्रांतिकारका. पण यादी आज उघडते ना? मग ही नव्या आवृत्तीत,” काका म्हणाले.

“म्हणजे अन्याय वर्षभर चालू द्यायचा?”

“आधी जुन्या मशीनवर चालवून बघ. मग घोषणा दे.”

पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी स्थिर आवृत्तीचा पासवर्ड माझ्याकडे सोपवला. एका शुक्रवारी, काकूंनी दिवे लावले असतील त्या सुमारास, मी ती दुरुस्ती स्थिर आवृत्तीत घालून सोडून दिली.

शनिवारी पळस्प्याजवळच्या वाचनालयाच्या सुमनताई थेट काकांच्या दारात आल्या. त्या काय म्हणाल्या ते काकूंनी नंतर सांगितलं. “काका, यादीच उघडत नाय. लोकं पुस्तकं घेऊन उभी हायेत.” मला सकाळपासून निरोप येत होते. एका आदेशाने सगळं मागे घेता आलं असतं. घेतलं नाही. हरल्यासारखं दिसलं असतं...

सूर्य मावळल्यावर काकांनी ती दुरुस्ती मागे घेतली आणि सगळ्यांना कळवलं : ‘तपासणं माझं काम होतं. चूक माझी.’ मला त्यांनी एवढंच विचारलं, “सकाळीच मागे का नाही घेतलीस?” दोन वाचनालयं सॉफ्टवेअर सोडून वहीवर परतली. म्हाताऱ्याला आता झेपत नाही, असं लोक म्हणू लागले. मी ऐकलं आणि गप्प बसलो. अन्यायावर पानंच्या पानं लिहिणारा मी!

परवा काकूंनी कॉम्प्युटर बघायला बोलावलं. खिडकीत दोरी तशीच होती. चिमट्याला माझी दुरुस्ती. समासात काकांची पेन्सिल : ‘जुन्या मशीनवर इथे अडते. सुधारली. पोराची कल्पना चांगली. नव्या आवृत्तीत घ्यावी.’

तिथेच बसून सगळ्या वाचनालयांना पत्र लिहिलं : ती दुरुस्ती काकांनी नाकारली होती, मी चोरून घातली, आणि दिवसभर मागे घेतली नाही. सुमनताईंचं नाव पहिलं. काकू दिव्यांत तेल घालत होत्या. शुक्रवार होता. तरी पत्र पाठवून दिलं.

दुरुस्ती मात्र चिमट्यालाच राहू दिली.