बकऱ्यांना भीती शिकवताना

एम.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असायचा. अंबाजोगाईच्या आमच्या वर्गात बहुतेकांनी ग्रंथालयाची नोंद, पगारपत्रक असले विषय घेतले. मी वाघ-बकरीचा खेळ घेतला.

सरांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "वडलांनी तुला धारूरहून इथं खेळायला पाठवलंय का?"

"खेळायला नाही सर, खेळ बनवायला. माणूस वाघ होईल, कॉम्प्युटर बकऱ्या चालवेल."

ग्रंथालयच चौघांनी घेतलं होतं. पाचवं तपासायचा त्यांनाही कंटाळा आला असावा. सही मिळाली.

खेळ तसा साधा. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात गेला की बकरी मेली. बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. पण चपला बाहेर काढून ज्या लॅबमध्ये आम्ही जायचो, तिथल्या मशीनवर माझ्या बकऱ्या आपणहून वाघाच्या तोंडी जात होत्या.

धारूरच्या बाजारात वडलांची धान्याची आडत होती. तिथं धान्य मोजून देणारे मापाडीमामा या खेळात कुणाला हार जायचे नाहीत. दुपारी बाजार थंडावला की फरशीवर कोळशानं पट आखायचे. एका रविवारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. "शिकून शिकून पोरगी जमिनीवर आली," कुणीतरी हसून म्हणालं. मी सलग तीन डाव हरले.

मग मामांनी विचारलं, "ताई, तुमच्या मशिनीतल्या बकरीला भ्या वाटतं का?"

"मशीनला कसली भीती, मामा?"

"मंग ती मरणारच की. बकरी म्होरं बघून चालत न्हाई. आपल्या पाठीमागं कोण हाय, ह्ये बघून चालती. पाठ रिकामी ठिवली की वाघाला जागा झाली."

ते वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि त्याचा प्रोग्राम केला. जिच्या मागचं घर रिकामं, त्या प्रत्येक बकरीमागं गुण वजा. पण आता बकऱ्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसल्या. वाघ मोकळा फिरे, डाव संपतच नसे.

पुढच्या रविवारी हे सांगितल्यावर मामा पोट धरून हसले. "लई भ्या घातलं की तुमी! काहून हालतील मंग त्या? एखादी मरू द्यावी लागती, ताई. तवा कुठं वाघ गावतो."

या एका वाक्यावर माझे पंधरा दिवस गेले. एका बकरीचं मोल किती धरायचं? दहा लिहिलं, खोडलं, सहा लिहिलं. सहाला बकऱ्या धीट झाल्या आणि पटापट मेल्या. आठवर डाव रंगायला लागला. हा साधा आकडा आहे हे मला कळत होतं. तरी कुणाला मरू द्यायचं हे ठरवणारी ओळ आपण लिहितोय, या जाणिवेनं हात थांबायचा. वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू जास्त विचार करतेस."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी एकही प्रश्न न विचारता वाघ खेळायला घेतला. पाचव्या-सहाव्या खेळीला एक बकरी मारून ते खुशीत खुर्चीत मागे रेलले. आणखी चार खेळ्यांत वाघाला हलायला जागा उरली नाही.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

दुसऱ्या डावात आमचे सर त्यांच्या खांद्यावरून वाकून बोट दाखवू लागले. "इकडून घ्या, इकडून!" दोघं मिळून हरले. मग परीक्षकांनी विचारलं, "या बकऱ्यांना हे शिकवलं कुणी?"

मी मापाडीमामांचं सांगितलं. त्यांना वाटलं, मी विनयानं बोलतेय.

पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन मामांकडे गेले आणि परीक्षक कसे फसले ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, "अन् किती बकऱ्या मेल्या?"

"दोन डावांत मिळून तीन."

"एक जास्तीची गेली," ते म्हणाले.

पुढं पुण्यात नोकरी लागली. तिथं बसच्या आरक्षणाचे प्रोग्राम लिहिले, खेळ पुन्हा कधी केला नाही. पण ती जास्तीची बकरी कुठल्या खेळीत गेली, ते मी नंतर बरेच दिवस परीक्षेतल्या खेळ्या उतरवलेल्या वहीत शोधत होते. सापडलं नाही.