बर्फावर सोडलेली हवा

टायरमधून हवा सुटल्याचा फुसकारा ऐकला की ते प्रकरण जसंच्या तसं समोर येतं. मस्कतच्या अल हैल भागात मुलाच्या घरी राहतो. समुद्रकाठच्या वाळूत गाड्या घालणारी पोरं दर शुक्रवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच हवा कमी करतात, त्यामुळे मला विसरायची सोय नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे मस्कतला आलो. घरात बसून सुनेच्या स्वयंपाकघराची झडती घेत राहण्यापेक्षा बरं, म्हणून शहरातल्याच अझैबाच्या एका विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करू लागलो. मराठी, कोकणी, हिंदी बोलणाऱ्यांची प्रकरणं माझ्याकडे येत. अंगावर वर्दी नव्हती, अधिकार नव्हता. उरली होती ती प्रश्न विचारायची खोड.

मस्कतपासून लांब, सहम नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात एका कोकणी व्यापाऱ्याची दुकानं होती. मूळचा आमच्याच जिल्ह्यातला. नोकरमाणसं त्याला अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. त्या हिवाळ्यात ओमानमधल्या सगळ्यांत उंच डोंगराचा, जबल शम्सचा माथा गारांनी आणि बर्फाने पांढरा झाल्याचे व्हिडिओ फिरू लागले. ज्यांनी आजवर बर्फ फक्त सरबताच्या ग्लासात पाहिला होता, त्या सगळ्यांना तो तुडवायची घाई झाली. अर्बाबचा तरुण मुलगाही फोर व्हील गाडी घेऊन निघाला. सोबत घरचा जुना ड्रायव्हर आणि दुकानातला वसईचा अकाउंटंट होता. माथ्याजवळच्या वळणावर गाडी आडवी घसरली आणि उलटली. मुलाला खरचटलं, ड्रायव्हरचं मनगट मोडलं आणि अकाउंटंट कमरेखाली कायमचा लुळा झाला.

गाडी आपणच चालवत होतो, असा जबाब ड्रायव्हरने तिथल्या पोलिसांना दिला. तपास चालू होता, पण त्याचा तुरुंग जवळजवळ ठरलेला होता. अर्बाबच्या मुलाचा परवाना वाळूतल्या धिंगाण्यामुळे आधीच जप्त झाला होता, हे विम्याच्या दाव्याच्या कागदांत मला दिसलं आणि तिथेच मला संशय आला.

दोन दिवसांनी अकाउंटंटच्या बायकोचा फोन आला. तिचा आवाज इतका खाली होता की मला टीव्ही बंद करावा लागला. ती म्हणाली, "ड्रायव्हर मागच्या सीटवर होता, माझ्या नवऱ्याशेजारी. पण मी सांगितलं असं बोलू नका. आमचा व्हिसाही अर्बाबकडेच आहे." मी काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला. साक्ष द्यायला ती येणार नव्हती, हे उघड होतं. अशा खबरीवर फिर्याद उभी राहत नाही. कुठे बघायचं, एवढंच कळतं.

मी गाडी बघायला गेलो. ज्या यार्डात ती ठेवली होती तिथे तिचा पंचनामा आधीच झाला होता. मागचं डावं टायर रिमवरून उतरलं होतं आणि तीच रिम रस्त्यात रुतून गाडी उलटली होती. उरलेली तीन टायर बसलेली दिसली. अपघातात बसली असतील, असं कुणालाही वाटावं. पण अपघात असा न्यायाने वाटणी करत नाही. तिन्हींत हवा सारखीच कमी होती. व्हॉल्व्हची टोपणं जागेवर नव्हती. चारही टोपणं पुढच्या कप ठेवायच्या खळग्यात मिळाली. वाळूत जाणारी माणसं हवा सोडताना ती तिथेच टाकतात.

म्हणजे कुणीतरी बर्फाला वाळू समजलं होतं. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतं आणि गाडी वरून तरंगत जाते. बर्फावर पसरून उपयोग नसतो. तिथे थंडीतही मऊ राहणारं रबर लागतं. इथल्या उन्हासाठी केलेलं टायर थंडीत लाकडासारखं होतं, आणि त्यात हवा नसली की आडवं घसरताना रिम सोडतं. अशी चूक फक्त आखातात वाढलेला माणूसच करू शकतो, आणि तीही वाळूत पटाईत असलेला.

ड्रायव्हरला मी सहमला, दुकानामागच्या त्याच्या खोलीत भेटलो. हात गळ्यात बांधलेला होता. त्याचे दोन धाकटे भाऊही त्याच दुकानात कामाला होते. एकाने चहा आणला आणि दाराशीच उभा राहिला. ठाण्यात मी संशयिताला आधी घरचं विचारायचो, मग गुन्ह्याचं. इथेही तसंच केलं. शेवटी सहज विचारलं, वर टायरमध्ये हवा किती ठेवली होती?

"फुल्ल, साहेब," तो लगेच म्हणाला. "घाटात कोण कमी करतो?"

तो खरं बोलत होता, एवढं कळायला निरीक्षक व्हावं लागत नाही. गाडी त्याच्या हातात असती तर पहिल्याच वळणावर त्याला टायर बसलेली कळली असती.

मुलगा अझैबातल्या कॅफेत भेटला. इथेच जन्मलेला, मराठी अडखळत बोलणारा, दिसायला गोड. मी अपघाताचा विषयच काढला नाही. वाळूत गाडी चालवायचं मला काही कळत नाही, असं म्हणालो. ते खरंही होतं. मग त्याने मला शिकवायला घेतलं.

"ट्रॅक्शनचा गेम आहे, अंकल. वाळू काय, स्नो काय, सेमच. ड्रायव्हरचाचा नमाज पढत होते, तोवर मी चारीमधली एअर कमी केली." त्याचे डोळे चमकत होते. "ग्रिप जाते ना, तेव्हा स्टिअरिंग एकदम हलकं होतं. हातात काहीच नाही असं वाटतं. काय मजा येते..."

आपण काय बोलून गेलो, ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मी बिल मागवलं.

अहवाल देण्याआधी मी पुन्हा ड्रायव्हरकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझे हात धरले. "पोरगा एवढासा होता तेव्हापासून शाळेत मी सोडायचो त्याला. तो आत गेला तर अर्बाब मरेल. मी गेलो तर काय, येईन बाहेर. माझे भाऊ इथे हत, साहेब. हे इथेच खलास करा."

मी खलास केलं नाही. अहवाल दिला. पोलिसांनी मुलाला बोलावलं, तो कबूल झाला, ड्रायव्हर सुटला. पुढचं मात्र माझ्या अहवालाबाहेरचं आहे. अर्बाबने ड्रायव्हरचा आणि दोन्ही भावांचा व्हिसा रद्द केला. अकाउंटंटचे उपचार अर्बाबच्याच मर्जीवर चालले होते. त्याने खाटेवरूनच मुलाला माफ केल्याचं लिहून दिलं. मुलाला शिक्षा झाली ती नावापुरती, आणि ती संपताच बापाने त्याला थंड देशात शिकायला पाठवलं. मला अजून त्या मुलाची चीड येते, आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही.

खोटा कबुलीजबाब माणूस माराच्या भीतीने देतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. माया आणि मिंधेपण एकत्र आले की तो न मारताही मिळतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. मार खाल्लेला माणूस निदान जबाब फिरवतो. हा फिरवत नाही.

मागच्या वर्षी मंडणगडकडे गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून ड्रायव्हरच्या गावी गेलो. मनगट वाकडंच जुळलं होतं. आता गाडी चालवणं होत नाही, म्हणाला. भाऊ कामाच्या शोधात बाहेर होते. त्याने पाणी दिलं, बसा मात्र म्हणाला नाही. मग काय वाटलं कोण जाणे, खिशातून फोन काढून त्याने एक व्हिडिओ लावला. गोठलेल्या तळ्यावर एक गाडी गरगर घसरत होती आणि आत तो मुलगा खदखदून हसत होता.

"बघा साहेब," ड्रायव्हर म्हणाला, आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "आता बरोबर टायर घातलेत त्याने. खिळेवाले."