मास्तरांच्या मुंग्या

सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा, त्यामुळे त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. नवीन माणूस हमखास विचारायचा, "बाई, कुठल्या शाळेत शिकवता?" ती म्हणायची, "ह्याच. विद्यार्थी एकच, तोही ऐकत नाही." हे अर्थात मास्तर दुकानात नसताना. ते समोर असले की तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "हो". लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून काजं करत, बटणं लावत हो म्हणत आली होती.

मास्तर कोट शिवायचे. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. पुढे कापडं बेतायचं टेबल, मागे मशीन, भिंतीला उभा आरसा आणि पडद्याआड घरात जायचं दार. आजूबाजूच्या सगळ्या शिंप्यांनी मशिनला मोटर बसवून घेतली होती. मास्तरांपुढे मोटरचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मोटरला काय कळतंय खांदा कुठे वळतो ते?" चपला दारात काढून ते अनवाणी पायांनी पायडल मारायचे. पायाला मशीन कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बढाई होती, पण पोकळ नव्हती. बाहीचा गोल खांद्याला जोडताना त्यांचा उजवा पाय इतका हळू चालायचा की बघणाऱ्याला एकेक टाका मोजता यावा.

सात वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली. आपण म्हणतोही कसं बघा, 'निघाली', जणू कुणी डब्यामागे लपवून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, काय खायचं आणि काय नाही याची यादी दिली. मास्तरांनी यादी आरशामागे खोचली आणि गोळ्या आठवतील तशा घेतल्या. दुखत काहीच नव्हतं. जे दुखत नाही त्याला आजार कशाला म्हणायचं, असा त्यांचा सरळ विचार. मास्तरांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, अर्धं जग असाच विचार करतं.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना, मग घोट्यापर्यंत. अंथरुणात पडलं की पाय झटकत बसायचे. आता मात्र मास्तर घाबरले. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, चहातली साखर गेली, संध्याकाळी नाक्यापर्यंत चालणंही झालं. असं वर्षभर चाललं. आणि एका सकाळी मास्तर अंथरुणातून उठले ते आरोळी ठोकतच. "अगं ए, मुंग्या गेल्या!"

तिचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी सांगितली. आठवड्याभरात म्हणाले, "गोळ्यांनी त्यांचं काम केलं. आता उगाच पोटाची वाट कशाला लावायची?" ती हो म्हणाली, आणि या वेळी अगदी मनापासून म्हणाली. गोळ्या बंद झाल्या.

इथे मला गप्प बसवत नाही. मुंग्या गेल्या नव्हत्या. मुंग्या आल्याचं कळवणाऱ्या नसाच मेल्या होत्या. साखर रक्तातून फिरता फिरता त्या बारीक नसा खाऊन टाकते. जोवर पाय कुरकुरत होता तोवर तो जिवंत होता, आणि तो गप्प झाल्यावर नवरा-बायकोनं आनंद केला. टाचण्या जिथे तिथे सांडलेल्या त्या खोलीत एक माणूस अनवाणी वावरत होता आणि त्याचे पाय त्याला काहीच सांगत नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी मशीन बिघडलं. निदान मास्तरांना तसं वाटलं. सरळ शिवणीत ठीक चालायचं, पण बाहीच्या गोलात आलं की एकदम सुसाट सुटायचं, टाके एकमेकांवर चढायचे. मास्तरांनी तेल घातलं, सुया बदलल्या, नवीन पट्टा चढवला. एकाच कोटाची एकच बाही तीनदा उसवली. चौथ्यांदा ते मशिनलाच शिव्या द्यायला लागले. ती खाली मान घालून बटणं लावत राहिली, कारण अशा वेळी वर बघितलं की पुढची शिवी कुणाला बसेल याची तिला पूर्ण कल्पना होती.

सोमवारी त्यांनी राखाडी कोटाचं पांढरं अस्तर तिच्यासमोर आपटलं. अस्तराच्या खालच्या कडेला नखाएवढा तपकिरी डाग होता.

"सुई टोचून घेतलीस ना बोटात? लक्ष कुठे असतं तुझं?"

"हो," ती म्हणाली.

ते मापं घ्यायला पुढे गेल्यावर तिनं दहाही बोटं उजेडात धरून बघितली. कुठेही काही टोचलेलं नव्हतं. मशिनवर बसलं की कापडाचं टोक पायडलपर्यंत लोंबतं, हे तिला माहीत होतं. 'अहो, जरा पाय बघू,' एवढंच म्हणायचं होतं. पण बाही अजून बसत नव्हती, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं आणि मास्तरांच्या कपाळावरची शीर ताठ होती. आज नको, उद्या बोलू, असं तिनं ठरवलं. मंगळवारी खोलीत कसला तरी वास आला. उंदीर मेला असेल, असं मास्तर म्हणाले, आणि ती निमूटपणे टेबलाखाली उंदीर शोधत बसली. बुधवारी मास्तरांना कणकण होती. गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी मशीनवाला आला. हा माणूस तीस वर्षं मास्तरांचं मशीन बघत होता आणि मास्तरांना उलटून बोलायची हिंमत असलेला तोच एक. त्यानं झाकण उघडून बघितलं, पट्टा ओढून बघितला, मास्तरांना समोर बसून थोडं शिवायला लावलं. मग स्वतः स्टुलावर बसून चिंधीच्या तुकड्यावर नाण्याएवढा गोल शिवला. टाके मण्यांसारखे एकासारखे एक पडले होते.

"मास्तर, मशीन ठणठणीत आहे. चालवणाऱ्याकडे बघा."

"म्हणजे? मला शिकवतोस?"

"शिकवत नाही, बघितलं ते सांगतोय. तुमचा पाय पायडलवर दणकन पडतोय. विटेवर वीट ठेवावी तसा. पूर्वी असं नव्हतं."

मास्तरांनी त्याला दार दाखवलं आणि ते परत मशिनवर बसले. गडबडीत त्याचा स्क्रूड्रायव्हर पायडलखाली राहिला. तो घ्यायला ती वाकली आणि पायडलच्या जाळीत वाळून काळं झालेलं रक्त तिला दिसलं. ती उठली नाही. तशीच गुडघ्यांवर बसून तिनं मास्तरांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला.

करंगळीच्या खाली, तळव्यात, टाचणीचं निळं डोकं होतं. फक्त डोकं. बाकीची टाचणी आत होती. भोवतीची चामडी पिकून सुटली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं. खोलीतला तो वास तिथून येत होता.

"दुखत नाही?" तिनं विचारलं.

"काय दुखत नाही?" मास्तर म्हणाले. ते खरोखरच विचारत होते.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि आधी मोठ्या दवाखान्याला फोन केला, मग मास्तरांना पलंगावर झोपवलं. ड्रॉवरमधून त्यांनी एक काडी काढली. तिच्या टोकाला बोटभर नायलॉनचा दोरा होता.

"मास्तर, डोळे मिटा. मी हा दोरा पायाला लावणार. लागला की हो म्हणायचं."

"अहो, दोऱ्यात जन्म गेला माझा," मास्तर हसले आणि डोळे मिटून घेतले.

दोरा अंगठ्याला टेकला आणि वाकला. मास्तर गप्प. दोरा मधल्या बोटाला टेकला, चवड्याला टेकला, तळव्याच्या मध्यभागी टेकून कमानीसारखा वाकला. मास्तर लहान मुलासारखे कान देऊन वाट बघत होते. ती पायथ्याशी उभी राहून एकेक जागा बघत होती आणि मनात ओरडत होती, म्हणा ना हो, एकदा तरी हो म्हणा. दोरा टाचेलाही टेकून आला.

"करा ना सुरू, डॉक्टर," मास्तर म्हणाले.

"झालं, मास्तर."

मास्तरांनी डोळे उघडले आणि आधी डॉक्टरीणबाईंकडे, मग तिच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत तिनं त्यांना घाबरलेलं असं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं आडपडदा ठेवला नाही. साखर चारशेच्या वर होती आणि जखमेतला पू वर सरकत होता. "मेलेलं सगळं काढावं लागेल. कापताना ताजं रक्त आलं की तिथे थांबायचं. ते कुठे येईल, हे आत्ता सांगता येत नाही. बोटांशी आलं तर नशीब. नाहीतर पाऊल. त्याच्याही वर गेलं तर..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही, कागद पुढे केला. मास्तरांनी सही केली. "काही काढावं लागणार नाही बघा. मला काही होतच नाहीये," ते म्हणाले. मग जरा थांबून, हळू आवाजात, "उजवा आहे, डॉक्टर. कामाचा पाय आहे."

बाहेर बाकावर ती अडीच तास बसली. दारावरचा दिवा लाल होता. आतून कुणी बाहेर आलं की ती उठायची आणि परत बसायची. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. वार तिच्या डोक्यातून हलेनात. शेवटी सर्जन मास्क खाली ओढत बाहेर आले.

"पाऊल वाचलं. शेवटची दोन बोटं गेली. हाडापर्यंत पोचलं होतं. चार-पाच दिवस आधी आणलं असतंत तर कदाचित एकही नसतं गेलं."

ते पुढच्या पेशंटकडे गेले. ती भिंतीला धरून उभी राहिली. पाऊल वाचलं म्हणून देवाचे आभार मानावेत की त्या चार दिवसांसाठी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शुद्धीवर, चांगले तरतरीत होते. पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये होता आणि उशांवर उंच ठेवला होता. "बघ, म्हटलं होतं की नाही?" ते तिला म्हणाले. "काही काढलं नाही त्यांनी. उगाच घाबरवतात. हे बघ, पाचही बोटं हलवतोय मी."

ती पायाकडे बघत होती. बँडेजची करंगळीकडची कड उतरती होती. त्या बाजूला काही हलत नव्हतं.

तिनं त्यांना दंडाला धरून नीट बसवलं, त्यांचा हात घेतला आणि पायाच्या टोकाला नेऊन ठेवला. मास्तरांची बोटं बँडेजवरून फिरली, अंगठ्याकडून सुरू झाली आणि मध्येच संपली. त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. मापाला तो हात कधी चुकला नव्हता.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ते ओरडले. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा दचकून जागा झाला. "कुणाला काही दिसलं नाही?"

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "अस्तरावरचा डाग माझा नव्हता. मला सोमवारीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"घाबरले होते."

"रक्ताला?"

"तुम्हाला."

मास्तरांचा हात पायावरच राहिला. ते खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. चहा आला आणि तसाच निवला. ती स्टुलावर बसून होती. बोलल्याचा तिला पश्चात्ताप होत नव्हता, पण रडू थांबत नव्हतं.

दुपारी नर्स ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली आणि बँडेज सोडायला लागली. मास्तरांनी तिला थांबवलं.

"बाई, जरा हिला जवळ घ्या," ते म्हणाले. "कसं बघायचं, कुठे बघायचं, सगळं हिला नीट दाखवा. आणि मी कुरकुर केली तर माझं ऐकू नका, तिचं ऐका."