न उघडलेल्या तीन पेट्या
परवा पोस्टात एका पार्सलवर लाख वितळवून सील लावत होते, आणि त्या जळक्या वासानं मी थेट कळमन्याच्या गोदामात जाऊन पोचले. निवडणुकीआधी मतदान यंत्रांची तपासणी चालली होती, आणि ती माझ्याकडे होती. तापलेलं पत्र्याचं छत, बाहेर संत्र्यांच्या ट्रकांचा गलका. यंत्राचं प्रत्येक बटण दाबायचं, पडलेली मतं जुळवायची, मग सील, आणि शेवटी प्रमाणपत्रावर माझी सही, असा नियम. यंत्रांच्या तीन पेट्या अजून बंदच होत्या, आणि आमच्या साहेबांनी 'सर्व यंत्रे तपासली' असं आधीच छापलेलं प्रमाणपत्र माझ्यापुढे सरकवलं. "तीन पेट्या राहिल्या, सर," मी म्हटलं. "एकाच कारखान्यातला माल आहे, मॅडम. काहून अडून राहिल्या? गाडी उभी आहे." "गाडीले उभी राहू द्या. न पाहिलेल्या मशीनवर मी सही नाही करत." "नोटीस काढीन." "काढा. सही काहून नाही केली, तेही त्यात लिहा." पेन पर्समध्ये टाकून मी स्टूल ओढलं आणि पेट्यांशेजारी बसले. शेवटी चिडून त्यांनीच पेट्या उघडवल्या. मी एकेक बटण दाबलं. एकही यंत्र बिघडलेलं निघालं नाही. "झालं समाधान? चांगल्याच होत्या ना!" "हो, सर. आता सही करते." नोटीस आलीच, ती आजही माझ्या कपाटात आहे. खुलाशात मी एवढंच विचारलं होतं, की मला पेट्या उघडल्यावर जे कळलं, ते साहेबांना उघडण्याआधीच कसं कळलं? उत्तर अजून आलेलं नाही.