चौघांच्या खांद्यावर दवाखान्यात

आत्याला दिसेनासं झालंय हे आम्हाला कळलं ते तिच्या चहावरून. चहात मीठ आलं. पहिल्या वेळी आम्ही गुपचूप प्यायलो, कारण आत्याच्या हातच्या चहाला नाव ठेवायची आमच्या घराण्यात कोणाची छाती नाही. दुसऱ्या वेळी आतेभावाने आपली बशी हळूच कुत्र्यापुढे सरकवली. कुत्र्याने ती हुंगली आणि ते उठून गेलं. मग मात्र बोलावंच लागलं. आत्या म्हणाली, "डबं तुमीच हिकडचं तिकडं केलं आसतील." पण त्याच आठवड्यात ती विहिरीची वाट चुकून कडेच्या बांधावरून खाली गेली आणि कोपर फोडून घेऊन आली, तेव्हा मला हसू आलं नाही. मी घाबरलो.

आत्या वरच्या वाडीत राहते आणि मी खाली मळवलीत. मधे डोंगर आणि डोंगरातून उतरणारी मुरमाड पाऊलवाट. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं रंगीत बूट घालून हौसेने ती वाट चढतात, आत्याच्या अंगणात पाणी मागतात आणि "आजी, किती छान जागेत राहता तुम्ही" असं म्हणून फोटो काढतात. जागा छानच आहे. तिथून रेल्वे दिसते, एक्स्प्रेस हायवे दिसतो, बंगल्यांच्या आवारातले निळे पोहण्याचे हौद दिसतात. हायवेवरून गेलेली प्रत्येक रुग्णवाहिका वाडीला दिसते. वाडीच्या दारात मात्र आजवर एकही आलेली नाही.

खालच्या आरोग्य केंद्रात चौकशी करायला मी गेलो. मला राग लवकर येतो. उर्से टोलनाक्याजवळच्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथे माझ्याशी बोलायला येणारा आधी दुसऱ्याला विचारून येतो, आज कसा आहे म्हणून. त्या दिवशी तर मी घरूनच तापून निघालो होतो. पण आरोग्य केंद्रातला डॉक्टर भलताच गोड निघाला. कोल्हापूरकडचा, तरुण, आणि अंगापिंडाने असा भरलेला की त्याची खुर्ची त्याच्याआधी निवृत्त होईल असं वाटावं. त्याने मला बसवलं, चहा पाजला (साखरेचा) आणि सांगितलं की हा मोतीबिंदू असणार. ऑपरेशन फुकट, भिंग फुकट, चष्मा फुकट, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडीसुद्धा फुकट.

"गाडी कुठपर्यंत येते?" मी विचारलं.

"रस्ता आहे तिथपर्यंत."

आमचा रस्ता वाडीच्या पायथ्याशीच संपतो. पुढचा मंजूर आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून मंजूर आहे. दर निवडणुकीला कोणीतरी येऊन चुन्याची फक्की मारून जातं आणि वाडीतल्या कोंबड्या ती उकरून काढतात. मी म्हणालो, "डॉक्टर, म्हणजे ज्याला चालता येतं तो तुमचा पेशंट. ज्याला चालता येत नाही तो बरा आहे, असंच ना?" माझा आवाज चढला तशी बाकावरची सगळी माणसं आपापला खोकला थांबवून ऐकायला लागली. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "तुम्ही त्यांना पायथ्यापर्यंत आणा. पुढचं सगळं माझ्याकडे लागलं."

आणायचं कसं, यात आमचा दिवाळीनंतरचा सगळा महिना गेला.

आत्याचे गुडघे डोळ्यांच्या आधीच संपावर गेले होते. हाताला धरून उतरवणं शक्य नव्हतं. पाठुंगळी घ्यावं, तर आत्या अंगाने आतेभावाच्या दुप्पट. आमच्याकडे आजाऱ्याला उतरवायची जुनी पद्धत म्हणजे झोळी. एका बांबूला गोधडी बांधायची, माणूस आत घालायचा आणि दोघांनी उचलायचं. आतेभावाने झोळी बांधून आणली. आत्याने ती चाचपून बघितली.

"ह्यात कोण निजणार?"

"तू."

"म्या काय तान्हं बाळ हाय? आंगाई बी म्हणणार का वाटंनं?"

झोळी गेली. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी दोन लांब बांबू बांधले. चौघांनी खांद्यावर घ्यायचं. वाडीतली बाकीची तरणी पोरं कारखान्यांत नाहीतर बंगल्यांवर कामाला, त्यामुळे आतेभाऊ धरून चौघंच हाताशी होते. आत्याने बांबू मोजले, माणसं मोजली आणि पदर खोचला.

"दोन बांबू आन चार मानसं. ह्याला काय म्हणत्यात, ठावं हाय न्हवं? चौघांच्या खांद्यावर मानूस एकदाच जातं. माझी येळ झाली की जाईन, तुमी घाई करू नगा."

"मग तिघं उचलतो," आतेभाऊ म्हणाला.

"तीन तिघाडा, काम बिघाडा."

"मी धरून पाच होतील, आत्या," मी म्हणालो.

"पाचवा म्होरं मडकं धरून चालतोय."

मी चिडून विचारलं की तुला पाहिजे तरी काय. ती म्हणाली, "म्या बाळ बी न्हाई आन मढं बी न्हाई. मदलं काय आसंल तर आणा."

मधलं म्हणून मी लोणावळ्याहून घोडा आणला. पॉइंटवर पर्यटकांना फिरवणाऱ्या चाचांचा घोडा, डोक्यावर लाल तुरा, कपाळावर आरसा. चाचा माझ्या ओळखीचे, म्हणून आले. घोडा चढलाही व्यवस्थित. अंगणात आल्यावर त्याने आत्याचा परसातला वाल खायला सुरुवात केली. आत्याने त्याची मान चाचपली, तुरा हाताला लागला, आणि ती अंगणात बसून इतकी हसली की तिचा ठसका थांबेना.

"आरं, माझं लगीन ठरीवलं का काय? नवरा कुटं हाय?"

"मावशी, घोडा गरीब हाय, बसा," चाचा म्हणाले.

"घोडा गरीब हाय, पर मला लाज हाय."

घोड्यालाही आत्या पाठीवर पाहिजेच होती असं नाही. उरलेला वाल संपवून तो परत गेला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हातारीचे विनोद ऐकून वाडी खूश होती, पण तिची चूल आता शेजारीण पेटवत होती आणि तांदूळ निवडायला घेतले की ती खडे ठेवून तांदूळ टाकत होती. थोड्या दिवसांनी ती अंधारात बसून असेच विनोद करणार, या विचाराने मला भडभडून आलं.

मी पुन्हा आरोग्य केंद्रात गेलो. या वेळी भांडायलाही अंगात जोर नव्हता. डॉक्टरने तिघाडा, मडकं, तुरा असं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी मीच वर येतो. समजावून बघतो."

रविवारी तो आला. पांढरा शर्ट, पायांत ऑफिसचे बूट. मी म्हणालो, हे बूट चालणार नाहीत. तो म्हणाला, "आमच्याकडेपण डोंगर आहेत." असतील, पण तो त्यांच्यावर कधी गेला नसावा. अर्ध्या वाटेपर्यंत तो मला आरोग्याच्या योजना सांगत होता, मग योजना थांबून नुसता श्वास ऐकू यायला लागला. वाडी हाकेच्या अंतरावर आली आणि मुरमावरून त्याचा पाय गेला. घोटा बघता बघता टम्म सुजला. डॉक्टर खाली बसला आणि म्हणाला, "मुरगळलाय. मोडलेला नाही." रोगनिदान चोख होतं, पण उठता येईना.

मी वाडीकडे तोंड करून हाका मारल्या. आतेभाऊ आणि तिघं जण धावत आले, आणि येताना खुर्ची घेऊन आले, कारण ती बिचारी महिनाभर बांबूंसकट पडवीत पडूनच होती. खाली न्यायचं म्हणजे लांब, आणि वर थंड पाणी, सावली. वरच न्यायचं ठरलं. डॉक्टर "नको, नको, मी चालतो" म्हणत होता. चौघांनी त्याला बसवलं, उन्हासाठी डोक्यावरून पांढरा टॉवेल घातला आणि उचललं. डॉक्टरने घाबरून डोळे मिटले आणि मान मागे टाकली. त्याचं वजन असं होतं की उचलणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांच्या मागून मान खाली घालून चाललेला मी.

आत्या अंगणात उभी होती. तिला जे धुरकट दिसत होतं, त्यात दिसलं ते एवढंच: दोन बांबू, चार माणसं, मधे पांढरं काहीतरी, आणि कोणी बोलत नाही.

तिने छाती बडवून घेतली. "आगं बया, कोण गेलं गं? आरं, कुणाचं मानूस आणलं हे? बोला की रं, कुणी तरी!" शेजारीण धावत बाहेर आली आणि काही न विचारता तिनेही सूर धरला. रडायला आपल्याकडे कारण मागून कळलं तरी चालतं.

टॉवेलाखालून आवाज आला, "आजी, मी डॉक्टर."

रडणं एकदम थांबलं. आत्याने डोळे बारीक केले. "डागदरच गेला व्हय?"

"नाही हो आजी. पाय मुरगळलाय फक्त."

आत्याला सावरायला वेळ लागला, पण एकदा सावरल्यावर तिने सूत्रं हातात घेतली. डॉक्टरला पडवीत बसवलं, आंबेहळद उगाळायला लावली, गरम करून तिचा लेप स्वतःच्या हाताने त्याच्या घोट्यावर लावला. अर्धा लेप चटईला लागला ते तिला दिसलं नाही, आणि डॉक्टरने सांगितलं नाही. मग त्याने खिशातून छोटी बॅटरी काढली आणि तिचे डोळे बघितले. बघून झाल्यावर म्हणाला की मोतीबिंदू पिकलाय, पण डोळ्याला दिसेल, नक्की दिसेल. फक्त आता उशीर नको.

आत्याने लेपाचा हात पदराला पुसला. मग तिने विचारलं, "खुर्चीत कसं वाटलं वो?"

मला वाटलं डॉक्टर म्हणेल छान वाटलं, आरामात आलो. माणसाला समजवायला आलेला तो. पण तो म्हणाला, "भीती वाटली. आणि लाज वाटली, आजी. आपल्यामुळे चार जणांना घाम फुटतोय, आणि आपण वर बसलोय."

"व्हय," आत्या म्हणाली. "त्येच की."

तेव्हा मला कळलं. बाळ, मढं, मडकं, नवरदेव, हे सगळं वरवरचं होतं. आमचा महिना गेला तिच्या विनोदांना उत्तरं शोधण्यात, आणि तिला नुसतं आमच्या खांद्यावर ओझं व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, "आत्या, लहानपणी मला ताप आला की तू मला कडेवर घेऊन हीच वाट उतरायचीस. मला कधी लाज वाटली नाही."

"तू लहान हुतास," ती म्हणाली. "आन वाटभर माझ्या अंगावर ओकायचास." पण तिचा हात माझा हात शोधत होता.

आधी डॉक्टरला खाली पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी आत्याला, असं ठरलं. डॉक्टरने स्वतःच्या शब्दाप्रमाणे गाडी पायथ्याशी उभी करायचं कबूल केलं. आत्याने एक अट घातली. ती वाटभर बोलत राहणार आणि तिला कोणी गप्प करायचं नाही, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की वरचं माणूस जितं आहे. आम्ही हो म्हणालो. आम्हाला कल्पना नव्हती.

ती खरोखर वाटभर बोलली. आमच्या घराण्यातल्या प्रत्येकाचा उद्धार झाला, त्यात वारलेलेही सुटले नाहीत. वर चढणारी काही पोरं चौघांच्या खांद्यावरचे बांबू बघून बाजूला झाली. एकाने टोपी काढून हात जोडले. "जित्ती हाय रं, म्या जित्ती हाय," आत्या वरून ओरडली, "पाणी पायजे तर घरी जावा, रांजण भरल्याला हाय." त्या पोराने टोपी परत घालायला जरा वेळ घेतला.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. आत्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघून "लय म्हातारा झालास की" असं म्हणून घेतलं. काही दिवसांनी तिला त्याच खुर्चीतून वर नेलं, तेव्हा तिने बसण्याआधी खुर्ची नीट पाहिली. एका पायाला तडा होता, तो आतेभावाने सुतळीने बांधला होता. "ह्यात बसवून आणलंत मला?" ती म्हणाली. "न दिसल्यालंच बरं हुतं."

वर पोचल्यावर ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली रेल्वे होती, हायवे होता. आणि मळवलीच्या अलीकडे एक गुलाबी इमारत होती, जी तिची नजर अंधुक होत गेल्यावर बांधली होती, म्हणून वरून तिने कधी पाहिलीच नव्हती.

"ते काय गं?" तिने शेजारणीला विचारलं.

"त्योच की, आपल्या डागदरचा दवाखाना."

आत्या बघत राहिली. "एवढा जवळ हाय?" ती म्हणाली. मग पुन्हा, हळू आवाजात, "एवढा जवळ हाय?" वर्षभरात स्वतःसाठी ती रडलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.

रस्ता अजून मंजूरच आहे. पण डॉक्टर आता दर महिन्याला एकदा वाडीत येतो. रंगीत बूट घेतलेत त्याने. पडवीत बसून वाडीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे, गुडघे, रक्तदाब बघतो. ज्यांना खाली न्यायचं त्यांच्यासाठी भांडून त्याने बांधायला पट्टे असलेली एक धड खुर्ची मिळवली, आणि आत्याची सुतळीची खुर्ची पडवीत नुसती बसायला मोकळी झाली. त्याच्या येण्याच्या दिवशी आत्या सकाळपासून अंगणाच्या कडेला असते. दम लागून तो वाटेत गप्प झाला की तिला ते चालत नाही. ती तोंडाला हात लावून खाली ओरडते, "बोलत या वो, डागदर. बोलत या."